माझ्या पोटातले एकोणसाठ

मी तीस हजार एकतीस बोलतेय. हळूच बोलतेय, कारण पलीकडच्या टेबलाशी परीक्षक बाई उभ्या आहेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म जाफराबादजवळच्या एका ओट्यावर झाला. आठवीतल्या सत्यशीलाने दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार केला, त्यात एक मिळवला आणि मी वहीत उतरले. या सहांपैकी कुणीही मला भागले तरी बाकी एकच उरते. याच रीतीने तिने माझ्याआधी माझ्या पाच बहिणी मांडल्या होत्या: तीन, सात, एकतीस, दोनशे अकरा आणि दोन हजार तीनशे अकरा. पाचही मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद न देणाऱ्या. मग मीही तशीच असणार, असे पोरीने धरून टाकले.

तरी तिने आजोबांना विचारले, "आबा, बराबर हाय का बघा बरं."

इंद्रभान आबा मेंढ्यांना पाला टाकत होते. तीसपर्यंतचे पाढे त्यांना तोंडपाठ. सतरा, एकोणीस, तेवीस करत ते एकोणतीसवर आले, तेव्हा मी भीतीने गारठले होते. तिथेही सोळा उरले.

"कोन्याच पाढ्यात बसत न्हाई ही," आबा म्हणाले. "मंग आता कोन तोडनार हिला? लिव्ह बिनधास्त."

पाढे संपले आणि मी सुटले. खरे तर माझ्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे एकशे त्र्याहत्तरपर्यंतच्या मूळ संख्यांनी मला भागून पाहायला हवे होते. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ म्हणजे मी. हे मला जन्मापासून ठाऊक आहे आणि तेव्हापासून मी घाबरून जगतेय. कुणी वहीत एकोणसाठ लिहिले तरी मला धडकी भरायची.

आता मी बदनापूरच्या गणित प्रदर्शनात तक्त्यावर आहे. खाली लाल अक्षरांत 'मूळ संख्या' लिहिलेय. गेल्या वर्षी इथेच सत्यशीलाचे उत्तर चुकले होते. पोरे हसली, आणि ती आठ दिवस शाळेत गेली नाही. यंदा आबांनी समजूत घालून तिला जीपमध्ये बसवले.

बाई प्रत्येक आकडा मोबाइलवर तपासताहेत. आमच्या आधी एकच टेबल उरलेय. सत्यशीला ओढणीचे टोक बोटाला गुंडाळतेय. आता मला माझी नाही, तिची भीती वाटतेय.

पोरी, तुझ्या हातात पेन्सिल आहे, तक्त्यामागे कोरी जागा आहे. मला एकोणसाठने भाग. माझे दोन तुकडे होऊ देत, मी हूं की चूं करणार नाही. पण बाई येण्याआधी भाग. मला तोडायचेच असेल, तर तूच तोड.