तांड्याच्या मधून

हिरीबाईनं साहेबांच्या टेबलावरचा नकाशा हिसकावल्यासारखा आपल्याकडे फिरवला.

"अंजू, यात आपला तांडा कुठं हाये?"

सून वाकली. ग्रामपंचायतीच्या नव्या प्रभागांचा तो नकाशा होता आणि आज तहसीलात त्यावरच्या हरकतींची सुनावणी होती.

"हे निळं दोन नंबरात, हे पिवळं तीन नंबरात. मधातून लाल रेघ."

नव्वद घरांच्या तांड्याची अशी चिरफाड पाहून हिरीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर सारा तांडा एका प्रभागात होता, म्हणून तर पंचायतीत तांड्याचा माणूस बसला, म्हणून नळ आला. आता दोन्हीकडे गावाची मतं जास्त. तांड्याचा एकही माणूस निवडून येणार नाही, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा!

"साहेब, आमाले काहून फाडलं?"

"कुणी फाडलं नाही, बाई. हद्द रस्ता-नाला पाहून घ्यायची असते. तुमच्या तांड्यातून सिमेंटचा रस्ता जातो."

बाजूच्या खुर्चीत सरपंच भागवतराव मिशीतल्या मिशीत हसले. परसाल हेच भागवतराव हात जोडून तिच्या दारात उभे होते. मावशी, तुमच्या ओट्यापायी रस्ता अडला, पोहरादेवीच्या यात्रेले तुमच्याच गाड्या सुखानं जातीन, म्हणाले होते. हिरीबाईनं स्वतः कुदळ घेऊन ओटा पाडला. वर कामावरच्या साऱ्यांना चहा पाजला, बघा! वीस वर्षं मागून मिळेना तो रस्ता महिनाभरात झाला. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

"भागवतराव," ती म्हणाली, "तुमी रस्ता नाही देल्ला. आमच्यात कुंपण घातलं."

"मावशी, साहेब कायद्यानं करून राह्यले. माह्या हाती काय हाये?"

"थोडी लाज तरी ठेवा!"

भागवतराव खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि एक छापील कागद व शाईचा पॅड पुढे सरकवला.

"इथं अंगठा करा, बाई. म्हणजे मोकळ्या झालात."

"वाच," हिरीबाई सुनेला म्हणाली.

अंजूनं अडखळत वाचलं, "हरकतदाराचे म्हणणे ऐकून घेतले. खुलाशाने त्यांचे समाधान झाले. हरकत निकाली."

"कोनाचं समाधान झालं? खोडा ते."

"छापील नमुना आहे. त्यात खाडाखोड चालत नाही."

बाहेर पुढच्या गावाची माणसं नाव पुकारायची वाट पाहत होती. हिरीबाईनं अंगठा पॅडवर दाबला, चांगला निळाशार होईस्तोवर दाबून धरला.

"समाधान कुठं लिवलं, दाखव मले."

अंजूनं बोट ठेवलं. तिथंच हिरीबाईनं अंगठा टेकवला, आणि अक्षर दिसेनासं होईपर्यंत घासला.

"घ्या," ती म्हणाली. "खाडाखोड नाही केली."