अडलेली वाटी

आत्या एकदा इरेला पेटली की ऐकायची नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. पण भंगारातून उचललेल्या त्या जुन्या पोलादी शर्यतीच्या सायकलीने तिच्याही नाकी नऊ आणले होते. रंगाचे थर खरवडून झाले, तरी कुठल्या देशाची ते कळेना. त्यात पायडलचा आस धरून ठेवणारी उजवीकडची आट्यांची वाटी जागची हलेना. आत्या रोज तेल सोडायची आणि लांब पान्याला अक्षरशः लोंबकळायची.

"ताई, दुसऱ्या दिशेने फिरवून बघा की," धाकटी भावजय दारातून म्हणाली.

"जन्म गेला माझा सायकली खोलण्यात! उजव्या वाटीला उलटे आटे असतात. सगळं जग डावीकडे फिरवून खोलतं, ही उजवीकडे फिरवायची. मला शिकवू नकोस."

एवढं बोलून आत्या घाम पुसायला वळली. तेवढ्यात भावजयीने पाना धरला आणि बरणीचं झाकण उघडावं तसा डावीकडे रेटला. कर्रर्र करून वाटी सुटली.

आत्याने फतकल मारून आट्यांवरून बोट फिरवलं आणि ती ओरडलीच, "सरळ आटे! अगं, उजवीकडे सरळ आटे, त्यात वाटी एवढी रुंद, म्हणजे इटलीची घडण! ओळख पटली गं हिची!"

"ते झालं," भावजय हात पुसत म्हणाली. "पण ताई, म्हणजे इतके दिवस तुम्ही ती घट्टच करत होतात?"