शेपटीवरचा तिरका सात

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. वीतभर लांबीचं, प्लास्टिकचं, उजव्या पंखावर ओरखडा असलेलं. पण मला खेळणं म्हणाल तर याद राखा. आणि माझ्या शेपटीवरच्या ४१७ मधला सात वर चढलाय म्हणून चुकचुकणार असाल, तर आधी माझं सगळं ऐकून घ्या. मग खुशाल चुकचुका.

माझा जन्म दातांच्या एका डॉक्टरांच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत झाला. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचे आणि संध्याकाळी माझ्या पोटात. हत्यारं बहुतेक तीच. त्यांची बायको मात्र खरी वैमानिक. डोंगरापलीकडच्या गावांना टपाल आणि औषधं पोचवणारं छोटं विमान तिनं बरीच वर्षं चालवलं. सगळे तिला कॅप्टन म्हणत, डॉक्टरसुद्धा. पुढे तिच्या हाताला कंप सुटला, परवाना गेला आणि ते विमानही भंगारात गेलं. तेव्हापासून ती हात स्वेटरच्या खिशात ठेवायची, आणि विमानाचा विषय निघाला की उठून जायची. डॉक्टरांनी ठरवलं, त्याच विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची. तीच मी.

आधी अंगभर पांढरा रंग. एकदम जाड थर नाही, झिरझिरीत, एकावर एक. मग कुशीवरून जाणारा निळा पट्टा. त्यासाठी डॉक्टरांनी चिकटपट्टीच्या बारीक फिती कापून दोन्ही बाजूंना लावल्या, कडा दातकोरण्यानं दाबल्या आणि त्या कडांवरून पुन्हा पांढराच रंग मारला. मला वाटलं, म्हातारा चळला. पण कडेखाली कुठे फट राहिली असेल तर ती पांढऱ्यानंच बुजते आणि निळा आत शिरत नाही, हे फिती निघाल्यावर कळलं. रेघ अशी की सुरीनं कापलेली वाटावी. माझ्या काचाही तोवर पट्टीखाली झाकलेल्या होत्या. ती पट्टी सोलली तेव्हा मला पहिल्यांदा जग दिसलं, आणि त्यात सगळ्यात मोठं होतं डॉक्टरांचं नाक.

नंतर चकचकीत वॉर्निश. खरखरीत रंगावर डिकॅल बसवलं तर खाली हवा अडकते आणि ते पांढुरकं दिसतं. डिकॅल म्हणजे कागदावर छापलेलं पातळ चित्र. पाण्यात भिजवायचं आणि कागदावरून अलगद अंगावर सरकवायचं.

इथेच डॉक्टरांनी घोळ घातला. जन्मभर लोकांचे वाकडे दात सरळ केलेला माणूस तो. समोर खऱ्या विमानाचा फोटो होता, तरी त्यांच्या हातांनी सवयीनं ४१७ ओळंब्यात बसवला आणि ते मोकळे झाले. मग मोठ्या कौतुकानं त्यांनी कॅप्टनला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "हे माझं विमान नाही."

झालं होतं असं. खऱ्या विमानाची शेपटी एकदा दुरुस्त केली, तेव्हा आकडा रंगवायला कोणी मिळेना, आणि औषधं तर त्याच दिवशी पोचायला हवी होती. कॅप्टन स्वतः ब्रश घेऊन तेलाच्या पिंपावर चढली. पिंप डगमगलं आणि सात वर गेला. पुढे धावपट्टीवरची माणसं लांबूनच तो तिरका सात ओळखायची आणि म्हणायची, कॅप्टन आली.

डॉक्टरांनी मुकाट्यानं आकडा चिकटपट्टीनं उपटला. त्याबरोबर माझा रंगही सोलून निघाला. शेपटी पुन्हा घासली, पुन्हा रंगवली. दुसऱ्या डिकॅलमधला सात त्यांनी कात्रीनं वेगळा केला, दोन्ही तुकडे भिजवले, ४१ बसवला आणि सातासाठी चिमटा कॅप्टनपुढे धरला.

"माझा हात थरथरतो," ती म्हणाली.

"तेव्हा पिंप डगमगत होतं, आता हात. विमानाला काय फरक पडतो?"

तिनं खिशातून हात काढला. बराच वेळ लागला. सात सरकला, घसरला, वर चढला आणि तिथेच बसला. कॅप्टन हसली. त्या घरात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग आलं प्रदर्शन. डॉक्टरांना तिथे दरवर्षी दुसरं बक्षीस मिळायचं, आणि पहिल्याची हौस काही फिटत नव्हती. परीक्षक भिंग घेऊन आले. भला माणूस. माझा निळा पट्टा बघून त्यांनी मान डोलावली, मग हळूच डॉक्टरांच्या कानाशी आले. "पहिला नंबर तुमचाच आहे. हा सात तेवढा सरळ करा. दुपारपर्यंत थांबतो मी."

डॉक्टरांच्या डबीत एक जादा सात होता. त्यांनी तो काढला, झाकणात पाणी घेतलं आणि भिजत टाकला. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग आला. माझा जीव टांगणीला लागला होता. शेजारच्या टेबलावरचं जहाज बघत असल्याचं नाटक करत कॅप्टन उभी होती. तिचे हात पुन्हा खिशात गेले.

डॉक्टरांना ते दिसलं. भिजलेला सात त्यांनी चिमट्यानं उचलला आणि आपल्या चष्म्याच्या घरावर बसवला. तोही तिरका. कॅप्टन आली आणि भर सभागृहात, चार लोकांदेखत, थरथरत्या अंगठ्यानं तिनं तो दाबून पक्का केला. परीक्षक परत आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सात जागेवरच आहे."

त्या वर्षी दुसरंही बक्षीस मिळालं नाही. मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.

आता ती दोघं नाहीत. मी त्यांच्या लेकीच्या कपाटावर असतो, शेजारी ते चष्म्याचं घर. मध्यंतरी वर्षानुवर्षं माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. एकदा कोणीतरी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं आणि माझी अँटेना मोडली. परवा एक हौशी शेजारी आला. अँटेना जोडून देतो म्हणाला, आणि जाता जाता सातही सरळ करतो म्हणाला. लेक म्हणाली, "अँटेना जोडा. साताला हात लावायचा नाही." शाब्बास, पोरी.

तर मित्रांनो, मला पंखाला धरून उचलू नका. धूळ मऊ ब्रशनं झाडा, ओलं फडकं लांब ठेवा. आणि जगात काही वाकडं दिसलं, तर सरळ करायच्या आधी विचारा, हे कोणाच्या हातचं आहे. विचारायचा कंटाळा असेल तर हात मागे घ्या. माझा सात तिरकाच राहील.