हिरव्यावर तपकिरी

आमच्या पारोस बेटावर आनंदाच्या देवीला फूल चालत नाही. बासरीही चालत नाही. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा आमच्या उत्सवाला आला की त्याला वाटतं, गावात कोणीतरी वारलंय. माणसं उघड्या डोक्याने उभी, पुजारी तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय, बोकड तेवढा ओरडतोय. आणि समोर देवळात हातात हात धरून तिघी खारितेस उभ्या: रूपाची अग्लाया, आनंदाची युफ्रोसिनी, बहराची थालिया. इतर बेटांवर या तिघींपुढे लोक डोक्यावर पानाफुलांची माळ बांधून रात्रभर नाचतात. आमच्याकडे पूजा उरकून मुकाट घरी जातात.

कारण लहान मुलालाही पाठ आहे. क्रीटचा राजा मीनोस इथे या तिघींची पूजा करत असताना त्याला निरोप आला की अथेन्समध्ये त्याचा मुलगा मेला. त्याने डोक्यावरची माळ काढून टाकली, बासरी थांबवली, पण हातातली पूजा पुरी केली. तेव्हापासून आम्हीही तसंच करतो. राजाचं दुःख राजाबरोबर गेलं आणि पथ्य आमच्या गळ्यात राहिलं. मला स्वतःला त्याचं कधी काही वाटलं नाही. मी रंगारी, मूर्तींना रंग देणारा. शिल्पकार म्हणतात देवी आम्ही घडवली; पण मी डोळ्यांत बुबुळं घालेपर्यंत ती आंधळीच असते, हे ते कोणाला सांगत नाहीत.

भूकंपात या तिघींचा जुना शिल्पपट मधोमध तडकला आणि नवा कोरायचं काम शिल्पकार अकेस्तोरकडे गेलं. त्याच्यासारखा हात बेटावर दुसऱ्या कोणाचा नव्हता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. अडचण फक्त माझी होती. कोरलेलं रंगवणारा मी, आणि अकेस्तोर माझ्याशी सात वर्षं बोलत नव्हता.

अकेस्तोर माझा होऊ घातलेला सासरा. त्याची मुलगी क्लेनो हिच्याशी माझी सोयरीक झाली होती. हिवाळ्यात लग्न ठरलं, आणि लग्नाला चौदा दिवस उरले असताना ती तापाने गेली. अकेस्तोर तेव्हा देलोस बेटावर कोणा श्रीमंताच्या बागेसाठी खारितेसच कोरत होता. तिकडच्या रीतीने, माळा आणि बासऱ्यांसकट. लग्नासाठी म्हणून गलबतात सामान भरून तो परतला तेव्हा थडगं बंद होऊन तीन दिवस झाले होते. वर्ष उलटायच्या आत मी लिसोशी लग्न केलं. म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं. खरं सांगायचं तर क्लेनोला मी सगळी मिळून पाचेक वेळा पाहिलं असेन. चांगली मुलगी होती, हसरी होती. ती गेल्यावर मला वाईट वाटलं, पण जन्मभर झुरावं एवढी ती मला माहीतच नव्हती. हे बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून मीही त्याच्या वाटेला जात नसे.

एका सकाळी तो आपणहून माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या पिठाने पांढरा. मी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. लिसो चुलीशी मेण वितळवत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घागर उचलून विहिरीकडे गेली. निदान मला तरी तसंच वाटलं.

“दोर्क्या, तू होतास तिथे,” तो म्हणाला.

कुठे, हे विचारायची गरज नव्हती. मी होय म्हटलं.

“तिच्या आईने तिच्या डोक्यावर लग्नाची माळ ठेवली होती म्हणतात. तिची आई आता नाही. ती माळ कशी बसली होती, ते सांग.”

आमच्याकडे नवरीच्या डोक्यावर मिर्तोच्या, म्हणजे बारीक पानांच्या आणि पांढऱ्या फुलांच्या झुडपाच्या, डहाळ्यांची माळ असते, आणि लग्नाआधी मुलगी गेली तर आई तिला ती शेवटची घालते. मी आठवून सांगितलं. तापात तिचे केस कापले होते. माळ आधीच विणून तयार होती, भरल्या केसांच्या मापाची, ती सैल पडली. डाव्या बाजूला कलून कानावर आली. आईने दोनदा सरळ केली, दोनदा ती घसरली. मग तिने तशीच राहू दिली.

“डाव्या?”

“डाव्या, काका. कान झाकला होता.”

त्याने मान हलवली आणि निघून गेला. तो कशासाठी आला होता हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी त्या दिवशी निळ्या रंगाच्या काळजीत होतो.

दोन महिन्यांनी शिल्पपट तयार झाला आणि मला बोलावणं आलं. पुजारी थ्रासिलोसही माझ्याबरोबर आला. थ्रासिलोस वाईट माणूस नव्हता, पण त्याला एकच धास्ती असायची, की आपल्या कारकिर्दीत काही नवं घडेल. वाटेत त्याने मला तीनदा विचारलं, वस्त्रं आहेत ना? अलीकडे कुठे कुठे या तिघींना उघड्या कोरतात असं त्याच्या कानावर आलं होतं. आत गेल्यावर त्याने आधी वाकून तिघींची वस्त्रं तपासली. गळ्यापासून टाचेपर्यंत चुण्या होत्या. त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग वर पाहिलं.

मी त्याच्या आधीच वर पाहिलं होतं. मधली युफ्रोसिनी म्हणजे क्लेनो होती. हनुवटीवरच्या खळीसकट. आणि तिच्या डोक्यावर मिर्तोची माळ, पान न् पान मोजून घ्यावं अशी, डाव्या कानावर कललेली.

थ्रासिलोसने चेहरा ओळखला नाही. त्याला फक्त माळ दिसली. अकेस्तोरने सांगितलं की देलोसला इतकी वर्षं तशाच कोरल्या, हाताला सवय, चूक झाली. बेटावरचा सगळ्यात सावध हात चुकून पन्नास पानं कोरतो, यावर पुजाऱ्याने विश्वास ठेवला. मग त्याने शांतपणे हुकूम दिला: उत्सवाला बारा दिवस आहेत, तोवर माळ छिनून टाकायची. अकेस्तोर म्हणाला, माळ कपाळातून उठवली आहे, ती काढली तर कपाळ जाईल, कपाळ गेलं की चेहरा गेला. थ्रासिलोस म्हणाला, मग चेहरा जाऊ दे, मागाहून दुसरा बसवू. माळ दिसली तर पट देवळात येणार नाही, फोडून पायरीला लावू.

तो गेल्यावर म्हातारा छिन्न्यांच्या ढिगावर बसला.  

“मीनोसचं पोर मेलं म्हणून त्याने माळ काढली,” तो म्हणाला. “माझं मेलं म्हणून मी घातली. त्याचं चालतं, माझं का नाही?”

“तो राजा होता, काका.”

“राजा कसला, बाप होता.”

मी पटासमोर उभा राहून बराच वेळ पाहत होतो. दया आली होती, खोटं कशाला बोलू; आणि थोडी लाजही वाटत होती, कारण ज्या गोष्टीसाठी हा माणूस मोडला होता ती मी सात वर्षांत कधी आठवलीसुद्धा नव्हती. पण हात आपलं काम बघत होते. पानं लहान होती, दाट होती, एकावर एक. मी त्याला म्हटलं की छिन्नी लावायची गरज नाही. देवळात पट दोन पुरुष उंचीवर बसणार. पानांना केसांचाच तपकिरी रंग दिला, मधल्या फटींत काजळी भरली, तर खालून बघणाऱ्याला ते कुरळे केस दिसतील.

त्याला ते मुळीच आवडलं नाही. “लपवायचीच होती तर कोरली कशाला?”

“मग फोडू दे त्यांना.”

“तोंड सांभाळून बोल.”

“आधी हिरवी रंगवतो,” मी म्हटलं. हे माझ्या तोंडातून कसं निघालं मला आजही माहीत नाही. “पानं हिरवी, फुलं पांढरी, जशी होती तशी. त्याच्यावर तपकिरी. खाली हिरवी आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत. झालं.”

तो उठून पटाजवळ गेला. मग एकच अट घातली. हिरवी झाल्यावर एक दिवस तशीच ठेवायची.

मी हिरव्या दगडाची पूड मेणात कालवून एकेक पान भरलं. रात्रभर ते सुकलं. दुसऱ्या दिवशी अकेस्तोरने कारखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि दिवसभर तो आत बसून राहिला. मी दुपारी भाकरी, चीज आणि जैतुनाची फळं दारात ठेवून आलो. संध्याकाळी ती तशीच होती, मुंग्या लागलेल्या. दार उघडून तो म्हणाला, “लाव तुझा तपकिरी.” 

उत्सवाच्या दिवशी थ्रासिलोसने डोळे बारीक करून वर पाहिलं. मधलीचे केस एका बाजूला जास्त झालेत, असं त्याचं मत पडलं. अकेस्तोर म्हणाला, वारा आहे. आमच्या बेटावर वारा म्हटलं की कोणी वाद घालत नाही. बोकड ओरडला, पूजा झाली, माणसं घरी गेली. म्हातारा मात्र तिथेच थांबला. सगळ्या गर्दीत खरोखर आनंदात असलेला तोच एक माणूस होता, आणि तो रडत होता.

मेणातला रंग समुद्राच्या वाऱ्यापुढे फार तर वर्षभर टिकतो. केसांवरचा तपकिरी सगळ्यात आधी खरवडला जातो, कारण वारा त्या अंगाला लागतो. म्हणून दर वसंतात, उत्सवाच्या आधी, मला शिडी लावावी लागते. पहिल्या वर्षी अकेस्तोरने शिडी धरली. तिसऱ्या वर्षी तो नव्हता. त्याला क्लेनोशेजारी पुरलं. त्यानंतर हिरव्याची गरज नव्हती. जिच्यासाठी ती माळ होती ती नाही, ज्याला ती हवी होती तो नाही, खालून कोणाला दिसत नाही. तरी मी दर वर्षी आधी हिरवा देतो, एक रात्र सुकू देतो, आणि पहाटे कोणी यायच्या आत तपकिरी चढवतो. दिलेला शब्द पाळतोय, असं मी स्वतःला सांगतो. पण तेवढंच नसावं. पाचदा पाहिलेल्या मुलीचा चेहरा मी आता वीस वर्षं वितीभर अंतरावरून पाहतोय. तिची बुबुळं मीच घालतो. आता ती मला माहीत झाली आहे, आणि तिच्यासाठी मला वाईट वाटतं, तेव्हा वाटायला हवं होतं तेवढं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. लिसोला तर नाहीच. रंग तीच कुटते, तीच गाळते, माझ्यापेक्षा बारीक. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, या पटावर हिरवा कशाला? मी म्हटलं, वस्त्रांच्या काठाला. तिने पुन्हा विचारलं नाही. बायकोला एकदा खोटं पचलं की नवरा शहाणा होतो, तसा मी वीस वर्षं शहाणा होऊन बसलो होतो.

या वसंतात माझ्या डोळ्यांना नीट दिसेनासं झालं. जवळचं धूसर, लांबचं त्याहून धूसर. हातांना वाट पाठ आहे म्हणून चाललंय. उत्सवाला तीन दिवस राहिले आणि मी सकाळी निघालो. लिसोने वाट्या फळीवर मांडून ठेवल्या होत्या. मी चाचपून तपकिरी उचलली, काजळी उचलली, निळी उचलली; हिरवी सोडली, कारण या डोळ्यांनी दोन थर होणार नव्हते. मग उंबरठ्याशी गेलो.

“अहो,” ती मागून म्हणाली, “हिरवा राहिला.”

मी थांबलो. या वर्षी नको, असं म्हणालो. काठाला आहे अजून पुष्कळ.

“काठ निळा आहे,” लिसो म्हणाली. “पहिल्यापासून निळाच आहे. मी काही आंधळी नाही, दर उत्सवाला खाली उभी असते.”

 तिने हिरव्याची वाटी आणून माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली.

“अकेस्तोरकाका अंगणात आले त्या दिवशी मी विहिरीवर गेलेच नव्हते,” ती म्हणाली. “डाव्या कानावर जरा जाड द्या. तिथे वारा लागतो.”

मग तिने डोक्यावर पदर घेतला, चूल झाकली, आणि शिडी धरायला माझ्याबरोबर निघाली.