नाशिक ते सांबरा

पारमिताच्या बापाला, सत्याप्पाला, कोगनोळीजवळ गाडीनं उडवलं तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. दवाखान्यात जीव जाण्याआधी तो लेकीला एवढंच बोलला, "परशराम शेट गाडी चालवत हुता गं. उतरून बघितलं, आन गेला."

परशराम निपाणीतला तंबाखूचा व्यापारी. त्याच्या गोदामात सत्याप्पानं तीस वर्षं पोती वाहिली होती. पोलिसांपुढं गुन्हा कबूल केला तो त्याच्या ड्रायव्हरनं, भरमूनं. शेटनं विमानाचं तिकीट दाखवलं: त्या दिवशी आपण नाशिकहून बेळगावला येत होतो. पोलिसांनी मान डोलावली.

पारमिता वकील होती. भरपाईचा दावा तिनं लावला तो शेटला पिंजऱ्यात उभं करायला. त्याआधी ती स्वतः दोनदा नाशिकला गेली आणि मनगटावरचं घड्याळ बघत विमानानं परत आली. आजूबाजूचे लोक ढग बघत होते. ती मिनिटं मोजत होती.

तीन वर्षांनी शेट पिंजऱ्यात आला. पांढरं धोतर, चेहऱ्यावर कंटाळा.

"विमान नाशिकहून कधी सुटलं?"

"धाला. तिकिटावर हाय की."

"आणि बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला, कधी उतरलं?"

"एक वाजला आसंल. लई लांब हाय वकीलबाई, सात-आठशे किलोमीटर. तुमास्नी काय म्हाईत?"

"हवेतनं पावणेपाचशे, शेट. एक तास लागतो."

"त्या दिवशी उशीर झालता."

ती याच वाक्याची वाट बघत होती. तिनं विमानतळाचं पत्र न्यायाधीशांपुढं ठेवलं: विमान अकरा वाजून दोन मिनिटांनी उतरलं. त्यावर दुसरा कागद ठेवला: शेटची गाडी अकरा पंचवीसला तिथल्या पार्किंगमधून बाहेर पडली. सांबऱ्याहून कोगनोळी पावणेदोन तास. भरमू सव्वा वाजता निपाणीत गोदामाच्या हजेरीवर सही करत होता, ते पान तिसरं.

शेटनं कठडा घट्ट धरला. पारमिताला बरं वाटलं. इतकं बरं, की तिची तिलाच भीती वाटली.

जेवणाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात आला. आवाज उतरला होता. "पोरी, मिटवूया. तू म्हणशील तसं."

"उतरून बघितलंत तेव्हा माझा बाप काय म्हणत होता?"

शेटनं नजर चुकवली. म्हणाला, "शेट, मला उचला, म्हणत हुता."

पारमिता पुन्हा आत गेली आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल फौजदारी कारवाईचा अर्ज दिला. सत्याप्पाच्या मरणाचा तपास नव्यानं करावा, हा दुसरा अर्जही तयारच होता.

संध्याकाळी आईचा, शेवंताबाईचा, फोन आला. "झालं का गं समदं?"

"न्हाय आई," पारमिता म्हणाली. "आता कुठं सुरू झालंय."