नमुन्याची फळी आणि पुष्पाबाईंचं मागचं अंगण

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातले डबे आले असतील. तसं काही माझ्या नशिबी नव्हतं. मी नमुन्याची फळी. म्हणजे लोकांनी मला पाहायचं, माझ्यावरून हात फिरवायचा, "वा, अशीच पाहिजे" म्हणायचं आणि घरात मात्र दुसऱ्याच फळ्या बसवायच्या. अकरा वर्षं माझं हेच चाललं होतं. बघण्याचे कार्यक्रम झाले शंभर आणि लग्न एकही नाही.

माझा जन्म धुळ्याचा. नासीर मिस्त्री एका बंगल्याचं दार करत होते, त्यातून मी उरले. लांबी दीड हात, रुंदी वीतभर. त्यांनी मला रंधा मारला, अर्ध्या अंगाला तेल पाजलं आणि अर्धं अंग कोरडं ठेवलं, गिऱ्हाइकाला फरक दिसावा म्हणून. त्यामुळे मी एका बाजूने नवरी आणि दुसऱ्या बाजूने सकाळी नुकतीच उठलेली बाई दिसते. तरीही देखणी आहे हं मी. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी पुरतं सांगत नाही.

नासीर मिस्त्री घरामागचे डेक बांधतात. डेक म्हणजे जमिनीपासून थोडा उंच, बसण्या-उठण्याचा फळ्यांचा मंच. आपल्याकडे पूर्वी लोक मागच्या दारी बाज टाकून बसायचे आणि खुशाल असायचे. आता मोबाइलवर फोटो पाहून सगळ्यांना डेक हवा असतो. मिस्त्रींच्या स्कूटरला एक पिशवी लटकलेली असते. तिच्यात मी, शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि कंपनीची एक काळी फळी असे तिघे राहायचो. काळी फळी लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनलेली. ना तिला वाळवी लागते, ना तेल लागतं, आणि हे ती प्रत्येक खड्ड्याला आम्हाला ऐकवायची. धुळे ते चाळीसगाव रस्त्यावर खड्डे किती, हे तुम्हाला माहीतच आहे.

मिस्त्री प्रत्येक घरी चार प्रश्न विचारतात. ऊन कधी येतं? पाणी कुठे जातं? बसणार कोण? आणि झाडणार कोण? शेवटच्या प्रश्नाला घरातले पुरुष एकदम आकाशाकडे पाहू लागतात. हे प्रश्न टाळल्यावर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बोदवडला एका भाऊंनी हट्टाने कमरेइतका उंच डेक करून घेतला. आता त्यांच्या वडिलांना वर चढायला स्टूल लागतं आणि खाली शेजाऱ्यांच्या कोंबड्या संसार करतात. शिरपूरला एकांनी हलक्या लाकडाच्या फळ्या घातल्या. वर्षभरात त्या अशा वाकल्या की त्यांच्यावर ठेवलेला चहाचा कप आपोआप पाहुण्यांकडे सरकतो. निदान पाहुणचार तरी होतो, एवढंच समाधान.

मागे एका फाल्गुनात आम्ही चाळीसगावला पुष्पाबाईंच्या घरी गेलो. पुष्पाबाई दोन वर्षांपूर्वी स्टेशनजवळची जुनी गल्ली सोडून गावाबाहेरच्या कॉलनीत नव्या बंगल्यात राहायला आल्या होत्या. मुलगा भूपेंद्र पुण्याला नोकरीला. त्याने आईसाठी हे घर बांधलं आणि आता आईसाठीच मागे डेक करायचा असं ठरवून तो सुट्टी काढून आला होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. आम्हा तिघांना दिवाणखान्यात पंख्याखाली टीपॉयवर मांडलं गेलं.

"ही काळी," भूपेंद्र लगेच म्हणाला. "वर सोफा, बाजूला दिवे. एकदम झकास दिसेल, चाचा."

"भाऊ, मागची बाजू पश्चिमेला आहे," मिस्त्री म्हणाले. "दुपारचं ऊन थेट पडतं. आणि बसणार कोण?"

"आम्ही सगळे. आई बसेल संध्याकाळी. काय गं आई?"

पुष्पाबाई म्हणाल्या, "तू म्हणशी तसं." आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

त्या आत का गेल्या, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कारण मिस्त्रींची एक सवय आहे. ते नमुने लगेच परत नेत नाहीत. "दोन दिवस मुक्कामी राहू द्या, पायाखाली घ्या, मग सांगा," असं म्हणून जातात; पाय मात्र कुणीच ठेवत नाही. भूपेंद्रने तेव्हाच काळीला होकार देऊन टाकला होता. तरी मिस्त्री आम्हाला ठेवून गेले. काळी फळी रात्रभर टीपॉयवर मिरवत होती. मला फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूपेंद्र जेवून आडवा झाला आणि पुष्पाबाईंनी आम्हा तिघांना उचलून मागच्या अंगणात नेऊन मुरमावर ठेवलं. मग त्यांनी फोन करून जुन्या गल्लीतल्या धुरपदाबाईंना बोलावलं. धुरपदाबाई सत्तरीच्या, रिक्षातून उतरल्या त्याच बोलत बोलत.

त्या दोघींच्या बोलण्यातून मला सगळं समजलं. जुन्या गल्लीत आठ बाया मिळून दरवर्षी चैत्रात बिबड्या करतात. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या घाट्याचे, म्हणजे शिजवलेल्या दाट पिठाचे, हाताने थापलेले पापड. आज हिच्या घरी, परवा तिच्या घरी, अशा पाळ्या असतात. एकटीने बिबड्या करणं म्हणजे एकटीने फुगडी घालणं. पण नव्या घरामागे सगळा मुरूम, ना बसायला जागा ना वाळवायला. दोन वर्षं पुष्पाबाईंची पाळी लागली नाही. पहिल्या वर्षी बायांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं. दुसऱ्या वर्षी निरोप द्यायचंच राहून गेलं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं राहून गेलं. पुष्पाबाईंनी त्या वर्षी बिबड्या दुकानातून आणल्या आणि एकही खाल्ली नाही.

"तुना घर जागा व्हयनी की सांगजो, बठ्ठ्या येतीन," धुरपदाबाई अहिराणीत म्हणाल्या. म्हणजे जागा झाली की सगळ्या येतील.

"जागा व्हयी राहिनी," पुष्पाबाई म्हणाल्या. "पन हाई काळी फळी लावी राह्यना पोऱ्या. तू उभी राही दख."

धुरपदाबाईंनी चपला काढल्या आणि काळ्या फळीवर पाय ठेवला. पुढच्या क्षणी सत्तर वर्षांची ती बाई सात वर्षांच्या पोरीसारखी उडाली.

"माय वं! मना पाय जयना! तवा शे का हाऊ?"

त्या आवाजाने भूपेंद्र डोळे चोळत बाहेर आला. काय झालं ते कळल्यावर तो हसला. "काहीतरीच मावशी. एवढं काय भाजतं?" असं म्हणून त्यानेही चपला काढल्या आणि काळीवर ऐटीत उभा राहिला.

मित्रांनो, त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. आधी त्याने डावा अंगठा उचलला. मग उजवा. मग तो टाचांवर आला. "सवय होते," तो म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता. मग त्याने फरशीवर उडी मारली. तीही काही कमी तापली नव्हती. तिथून त्याने दुसरी उडी मारली ती थेट माझ्यावर. वीतभर जागेत दोन्ही पाय जुळवून तो उभा राहिला आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. मीही तापले होते, पण सोसवेल इतपतच. अकरा वर्षांत माझ्यावर कुणी तरी पहिल्यांदाच उभं राहिलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

दोघी बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. भूपेंद्र मात्र हसला नाही. माझ्यावरून न उतरताच त्याने विचारलं, "आई, काल का नाही बोललीस? आणि धुरपदामावशींना कशाला बोलावलंस?"

पुष्पाबाईंचं हसू थांबलं. "तू मनासाठे करी राह्यना. मंग मी नही कशी म्हनू?" आणि मग त्यांनी सांगितलं. बिबड्यांचं, पाळीचं, राहून गेलेल्या निरोपाचं. सांगताना त्या मुलाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटलं असेल, फळीला काय कळतं. मला सगळं कळत होतं.

भूपेंद्र माझ्यावरून खाली उतरला. मग त्याने खिशातून मोबाइल काढून मिस्त्रींना फोन लावला. "चाचा, काळी रद्द. आठ बायांना मांडी घालून बसायला आणि बिबड्या वाळवायला काय लागेल, ते सांगा."

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी हजर. त्यांनी सरळ दोन भाग केले. मागच्या भिंतीला लागून, सकाळी जिथे घराची सावली असते तिथे, सागाचा डेक, जेमतेम वीतभर उंच. त्याच्यापुढे उन्हात शहाबादी फरशी, वाळवणासाठी, पाणी निघून जाईल असा उतार देऊन. फळ्यांच्या फटी त्यांनी बारीक ठेवल्या. "नाहीतर पळी खाली गेली तर शोधायला अख्खा डेक उचकटावा लागेल," ते म्हणाले. भूपेंद्रची फार इच्छा होती म्हणून भिंतीवर दोन दिवे लावले. काळी फळी पिशवीत परत गेली आणि त्या दिवसापासून ती खड्ड्यांतही बोलत नाही.

चैत्रात बाया आल्या. एक, दोन करत सातही; पुष्पाबाई धरून आठ. पहाटेपासून मोठ्या पातेल्यात घाटा शिजत होता, जिरे-लसणाचा वास सगळ्या कॉलनीत पसरला होता. कॉलनीतल्या ज्या बायका दोन वर्षं पुष्पाबाईंना नुसत्या मान हलवून दाखवत होत्या, त्या वाटी घेऊन गरम घाटा आणि त्यावर कच्चं तेल मागायला आल्या. भूपेंद्र खास रजा टाकून आला होता. त्याला पाणी भरायच्या कामाला लावलं होतं.

आणि मी? त्या दिवशी मिस्त्री डेक पाहायला आले होते आणि मी त्यांच्या पिशवीत होते. थापायला एक पाट कमी पडला. धुरपदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मिस्त्रींची पिशवी दिसली, आणि मला सरळ बाहेर ओढून माझ्यावर ओलं फडकं टाकलं. थप, थप, थप. माझ्या अंगावर पहिली बिबडी गोल झाली. संध्याकाळी मिस्त्री पिशवी आवरू लागले.

"मावशी, तो नमुना आहे. उद्या शिरपूरला दाखवायचाय."

"दुसरी दखाड," धुरपदाबाई म्हणाल्या. "हाई मनी शे."

"ही माझी आहे" म्हटल्यावर मिस्त्रींनी वाद घातला नाही. निघताना धुरपदाबाईंनी मला काखेत मारलं आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "पुष्पाबाई, परवा मना घर. सकायमा लवकर येजो."

एवढंच. पण पुष्पाबाईंचे हात घाट्याने भरलेले होते, म्हणून त्यांना मनगटाने डोळे पुसावे लागले. डोळ्यांना घाटा लागला तो लागलाच. भूपेंद्रने ते पाहिलं आणि पाण्याची बादली उचलून गुपचूप दुसरीकडे गेला.

आता मी वर्षातून आठ घरं फिरते. तेल लावलेली बाजू आणि कोरडी बाजू, दोन्ही घाट्याने सारख्याच गुळगुळीत झाल्या आहेत. माझी एकच विनंती आहे. काम झालं की मला ओलं ठेवू नका, पुसून सावलीत उभी करा, म्हणजे मी अजून पुष्कळ वर्षं तुमच्या उपयोगी पडेन.

आणि मित्रांनो, घरामागे काही बांधायचं असेल तर लाकूड घ्या, फरशी घ्या, काहीही घ्या. फक्त ठरवायच्या आधी आईला घेऊन भरदुपारी अंगणात जा आणि तिला काय हवं ते विचारा. ती पहिल्यांदा "तू म्हणशी तसं" म्हणेल. तेव्हा घरात परतू नका. चपला काढा आणि पुन्हा विचारा.