श्वासापुरती जागा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वय लपवून उपयोग नाही. मला सुरू करून माणसे चहा टाकायला जातात, पिऊन परत येतात, तरी मी आपला जागा होतच असतो.

माझी जुळणी एका दुरुस्तीच्या दुकानात झाली. पडदा एकाचा, पोट दुसऱ्याचे. पहिली काही वर्षे मी दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावे पुकारत होतो. माझा आवाज ऐकून कुणाला आनंद झाल्याचे आठवत नाही. पुढे तिथे नवा संगणक आला आणि मला तिथल्या परिचारिकेने आपल्या मुलीसाठी घरी नेले.

ही मुलगी म्हणजे आमची चिमणी. घरीदारी सगळे तिला याच नावाने हाक मारत. ती मामांकडे क्लॅरिनेट शिकत होती. मामा म्हणजे वाद्यवृंदाचे मास्तर, फुंकीचे एकदम पक्के. पण चिमणीला दमा जडला आणि डॉक्टरांनी फुंकणे बंद करायला सांगितले. तिने क्लॅरिनेट कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात कुणी शीळसुद्धा घातली नाही.

मग एका दुपारी तिला माझ्यात संगीत रचण्याची सोय सापडली. काय सांगू मित्रांनो! ती एकेक सूर पडद्यावर मांडायची, ऐकायची, तोंड वाकडे करायची आणि पुसायची. पुन्हा मांडायची. जन्मभर दातदुखीवाल्यांना हाका मारणारा मी, माझ्या तोंडून गाणे निघू लागले. त्या पोरीच्या चिकाटीला तोड नव्हती.

मामांना मात्र ते पटेना.

"बटणं दाबून कधी संगीत होतं का? वीज गेली की तुझा गवई मुका!"

"तुम्हीपण बटणंच दाबता की मामा."

"मी फुंकतो त्यात! जीव ओततो!"

चिमणीने मान खाली घालून पुढचा सूर मांडला. फुंकण्याचा विषय निघाला की ती असेच करायची.

वाद्यवृंदाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. आपली रचना त्यात वाजावी, एवढेच तिला हवे होते. शेवटी तिच्या आईने भावाला दटावले, "दादा, एकदा वाजवून तर बघ. मग खुशाल नाही म्हण."

मामांनी तिच्या रचनेचा छापील कागद समोर ठेवला आणि क्लॅरिनेट ओठांना लावली. सुरुवात झकास झाली. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग गाल लाल झाले, डोळे मोठे झाले आणि मध्येच फुस्स करून सूर तुटला.

"अगं, श्वास कुठे घ्यायचा?" मामा धापा टाकत म्हणाले. "हेच ते! यंत्राला श्वास लागत नाही, म्हणून त्याचं संगीत खरं नाही. तुला शिकवलं होतं ना, श्वासापुरती जागा सोडायची म्हणून? विसरलीस?"

"विसरले नव्हते," चिमणी हळूच म्हणाली. "इथे तरी श्वास संपायला नको, असं वाटलं."

मामांनी क्लॅरिनेट खाली ठेवली. मग खुर्ची ओढून ते पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले.

"एक सूरही कमी करायचा नाही," ते म्हणाले. "मी श्वास घेईन, तेवढा वेळ हा डबा सूर धरेल. जमेल का त्याला?"

डबा म्हणाले, पण मला राग आला नाही.

कार्यक्रमात मला मंचावर बसवले होते. मामांचा श्वास संपला की चिमणी माझी कळ दाबायची, मी सूर उचलायचो आणि मामा परतले की सोडायचो. शेवटच्या लांबलचक सुराला सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही.

नंतर वाद्यवृंदातल्या ढोलवाल्याने डिवचले, "मग मास्तर, हे खरं संगीत की खोटं?"

"मी कुठे थांबलो, ते कळलं तुला?"

"नाही बुवा."

"मग मला काय विचारतोस? तिला विचार. तिचं आहे ते."

मित्रांनो, मला स्वतःला संगीत कळत नाही. मी वाजवतो, पण हुरहूर लागते ती तिला. म्हणून सांगतो, कुणाचे गाणे खोटे म्हणण्याआधी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा. आणि घरातल्या जुन्या यंत्राला अगदीच वाऱ्यावर सोडू नका.

हल्ली माझा पंखा घरघरतो, आत धूळ साचते. चिमणीला धूळ सोसत नाही. त्यामुळे तिला अंगणात पाठवून, नाकाला रुमाल बांधून, मामाच मला उघडतात आणि ब्रशने साफ करतात. परवा पुसता पुसता ते पुटपुटले, "नीट श्वास घे रे बाबा. तिला अजून खूप रचायचंय."